ज्येष्ठता कुणाची, खुर्ची कुणाची?
अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांतील बढतीचा हिशेब

मे महिना सरत आला की गावात दोन गोष्टींची चर्चा असते. पाऊस कधी येणार, आणि हायस्कूलचा नवा हेडमास्तर कोण होणार. दुसऱ्या चर्चेलाही कारण आहे. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकली. खाजगी शाळेतला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. म्हणजे ३१ मे. त्यामुळे हेडमास्तरांच्या खुर्च्या रिकाम्या होण्याचा हंगाम आणि बी-बियाण्यांचा हंगाम एकाच वेळी येतो.

आता तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने शाळेच्या भानगडीत कशाला पडावे? पण पंचायत समितीत आमच्या टेबलाशेजारीच शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांचे टेबल असते. गावात पीक पाहणीला गेले की बांधावर बसून लोक खतापेक्षा शाळेचेच जास्त विचारतात. कारण उघड आहे. शेतकऱ्याचाच पोरगा डी.एड., बी.एड. करून शाळेवर लागलेला असतो, आणि त्याला डावलले तर दु:ख सगळ्या घराला होते. दुसऱ्या बाजूला संस्थेचे विश्वस्तही आपल्याच तालुक्यातले शेतकरी, व्यापारी असतात. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असली की वाद आणखी चिघळतो. एक म्हणतो, "आम्हाला घटनेने हक्क दिलाय, आम्ही वाटेल त्याला नेमू." दुसरा म्हणतो, "मी सगळ्यांत जुना, खुर्ची माझीच." दोघांचेही थोडे खरे असते आणि थोडे चुकीचे. ते कुठवर खरे आणि कुठून चुकीचे, एवढेच आज बघू.

आधी शाळा कोणती ते बघा

बऱ्याच ठिकाणी पहिला घोळ इथेच होतो. उर्दू शाळा म्हणजे अल्पसंख्याक शाळा, असे लोक धरून चालतात. तसे नाही. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही जिल्हा परिषदेचीच शाळा. जत, अक्कलकोटकडे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, त्यांचेही तेच. तिथले शिक्षक जिल्हा परिषदेचे नोकर. त्यांची ज्येष्ठता जिल्ह्याची, नियम वेगळे.

अल्पसंख्याक शाळा म्हणजे धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्या लोकांनी स्वत: स्थापन केलेली आणि स्वत: चालवलेली शाळा. हा हक्क राज्यघटनेच्या कलम ३० मध्ये आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी हे केंद्राने ठरवलेले अल्पसंख्याक, आणि २०१४ पासून त्यांत जैन समाजही आला. भाषेचा हिशेब मात्र राज्यागणिक बदलतो. टी.एम.ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २००२ मध्ये सांगितले की अल्पसंख्य कोण हे राज्य धरून ठरवायचे. म्हणून महाराष्ट्रात गुजराती, सिंधी, तेलुगू, कन्नड भाषिक अल्पसंख्य. आणि तिकडे कर्नाटकात, बेळगावला, मराठी माणूस अल्पसंख्य. कलम ३० हे काही दुसऱ्या कुणासाठी केलेले लाड नाहीत. सीमेपलीकडे गेले की आपल्याच लोकांना त्याच कलमाचा आधार घ्यावा लागतो. हे ध्यानात ठेवले तर बोलण्यातली धार जरा कमी होते.

संस्थेकडे अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र आहे का, असल्यास कोणत्या तारखेचे, हे आधी विचारावे. प्रमाणपत्राने दर्जा निर्माण होत नाही, मुळात असलेला दर्जा सरकार उघडपणे मान्य करते, असे न्यायालयाने सांगितलेले आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून जमीन तयार होत नाही, तसेच हे. पण कचेरीत कागदाशिवाय पान हलत नाही, हेही तितकेच खरे.

ज्येष्ठता मोजायची कशी

खाजगी शाळांतल्या शिक्षकांसाठी आपल्या राज्यात १९७७ चा कायदा आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम असे त्याचे लांबलचक नाव. त्याची नियमावली १९८१ ची. शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, हा कायदा लागू असतो.

या नियमावलीचा नियम १२ प्रत्येक शिक्षकाने पाठ करून ठेवावा. प्रत्येक संस्थेने शिक्षकांची आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता यादी तयार ठेवायची असते. ती यादी सगळ्यांना द्यायची आणि मिळाल्याची सही घ्यायची. पुढे यादीत बदल केला तर तोही कळवायचा. कुणाची हरकत असेल तर संस्थेने ती विचारात घ्यायची. आणि दोघांतला पुढे कोण, मागे कोण हा वाद मिटलाच नाही, तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे निर्णयासाठी पाठवायचा.

शेतकऱ्यांना हे समजायला अवघड नाही. फेरफार नोंद होते तेव्हा तलाठी नोटीस काढतो, हरकतीला मुदत असते, हरकत आली तर वरचा अधिकारी निकाल देतो. नोटीस आली तेव्हा गप्प बसायचे आणि नोंद मंजूर झाल्यावर बोंब मारायची, असे केले की माणूस वर्षानुवर्षे हेलपाटे घालतो. ज्येष्ठता यादीचेही तेच आहे. यादी फिरते तेव्हा शिक्षक सही ठोकतो, वाचत नाही. दहा वर्षांनी हेडमास्तर निवृत्त झाले की मग यादी उघडून बघतो, तर आपले नाव दोन घरे खाली.

आता, आधी लागला तो ज्येष्ठ, एवढा सोपा हिशेबही नाही. माध्यमिक शाळेत नियमावलीच्या अनुसूची 'फ' प्रमाणे शिक्षणाच्या पात्रतेवरून शिक्षकांचे प्रवर्ग पाडलेले आहेत. त्या त्या प्रवर्गात माणूस केव्हा आला आणि तेव्हापासून सलग आहे का, हे बघतात. समजा, एक गुरुजी बारावी-डी.एड. वर १९९८ मध्ये लागले आणि नोकरी करता करता २००६ मध्ये पदवी व बी.एड. पुरे केले. दुसऱ्या बाई २००१ मध्ये लागल्या, पण बी.एस्सी., बी.एड. होऊनच. गुरुजी शाळेत तीन वर्षे आधी आले खरे, पण प्रशिक्षित पदवीधरांच्या प्रवर्गात बाई आधी आल्या. मग त्या प्रवर्गात बाई वरचढ. दोघे एकाच प्रवर्गात एकाच दिवशी आले असतील तर वयाने मोठा तो ज्येष्ठ.

ही शेजपाळीच समजा. पाणी कुणाला आधी हे आरडाओरडीवर ठरत नाही, कागदावर ठरते. आणि त्या कागदावर आपला नंबर बरोबर आहे की नाही, हे पाणी सुटायच्या आधी बघायचे असते.

सर्वसाधारण शाळेत काय होते

अल्पसंख्याक नसलेल्या शाळेत नियम ३ प्रमाणे मुख्याध्यापकाचे पद सगळ्यांत ज्येष्ठ, पात्रताधारक आणि समाधानकारक काम असलेल्या शिक्षकाला द्यावे लागते. माध्यमिक शाळेसाठी पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव हवा, त्यातली किमान दोन वर्षे बी.एड. नंतरची. ज्येष्ठ शिक्षकाला स्वत:च पद नको असेल तर तसे त्याने स्वत: लेखी द्यावे लागते आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडून त्याची शहानिशा व्हावी लागते. कोऱ्या कागदावर सही घेऊन "त्यांनीच नको म्हटलं" असे सांगता येऊ नये, म्हणून ही तजवीज.

अल्पसंख्याक शाळेत काय वेगळे

इथे खरी मेख आहे. १९७७ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये दुसरे पोटकलम आहे. अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि त्याखेरीज जास्तीत जास्त तीन व्यक्ती, एवढ्यांच्या भरतीला हा कायदा लागू नाही. पण त्या तीन व्यक्तींची नावे संस्थेने शिक्षण संचालकांना किंवा उपसंचालकांना कळवलेली असली पाहिजेत.

हे वाक्य तीनदा वाचावे. त्यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, मुख्याध्यापक निवडताना अल्पसंख्याक संस्थेला ज्येष्ठतेचा क्रम पाळण्याचे बंधन नाही. दुसरी, सूट मोजकी आहे. एक मुख्याध्यापक आणि नाव कळवलेले तिघे. बाकीच्या सगळ्या शिक्षकांना, लिपिकांना, शिपायांना कायदा जशाचा तसा लागू. उपमुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षकाची जागा भरताना संस्थेने "आम्ही अल्पसंख्याक" एवढेच सांगून भागत नाही. त्या जागेवरच्या माणसाचे नाव तीन नावांत कळवलेले आहे का, हा प्रश्न येतोच. तिसरी, सूट भरतीपुरती आहे. पगार, रजा, चौकशी, बडतर्फी यांना सूट नाही. अल्पसंख्याक शाळेतल्या शिक्षकालाही चौकशीशिवाय घरी पाठवता येत नाही.

आणि ज्येष्ठता यादी? ती अल्पसंख्याक शाळेतही ठेवावीच लागते. "आमच्याकडे यादी-बिदी नसते" हे उत्तर कायद्यात बसत नाही.

न्यायालयांनी काय म्हटले

या विषयावरचे दोन मोठे निकाल केरळातले आहेत. तिकडे मिशनच्या आणि मुस्लिम संस्थांच्या शाळा खेडोपाडी आहेत, त्यामुळे वादही तिकडूनच वर गेले.

पहिला निकाल १९९८ चा. एमजे हायस्कूल ही मुस्लिम संस्थेची अनुदानित शाळा. हेडमास्तरची जागा रिकामी झाली. शाळेतला सगळ्यांत ज्येष्ठ पदवीधर शिक्षक म्हणाला, जागा माझी. संस्थेने त्याला बाजूला ठेवून बाहेरच्या माणसाला नेमले. केरळच्या शिक्षण नियमांत ज्येष्ठतेने बढती द्यायची तरतूद होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने सांगितले की मुख्याध्यापक हा शाळेचा कणा, त्याच्यावर शाळेची शिस्त आणि दर्जा अवलंबून, म्हणून तो निवडण्याचा हक्क हा शाळा चालवण्याच्या हक्काचाच महत्त्वाचा भाग आहे. शिक्षक हरला. ध्यानात घ्या, हा वाद एका धर्माविरुद्ध दुसऱ्या धर्माचा नव्हता. शिक्षक आणि संस्था यांच्यातला होता.

दुसरा निकाल २००६ चा, मलंकारा सिरियन कॅथॉलिक कॉलेजचा. तिथे प्राचार्यपदाचा वाद. विद्यापीठाच्या कायद्यात ज्येष्ठता आणि लायकी बघून प्राचार्य नेमायची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा संस्थेची बाजू उचलून धरली आणि सरकारी अनुदान घेतले म्हणून हा हक्क जात नाही, हेही स्पष्ट केले. पण त्याच निकालात एक अट आहे. निवडलेल्या माणसाकडे त्या पदासाठी ठरवून दिलेली पात्रता हवीच. म्हणजे संस्थेला पात्र माणसांतून निवड करता येते, अपात्र माणूस बसवता येत नाही.

शिक्षकांच्या बाजूचेही निकाल आहेत. केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगितले होते की कारभाराच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या खटल्यात १९८६ मध्ये न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळेतल्या शिक्षकांनाही पगार आणि सेवाशर्तींचे संरक्षण दिले. पश्चिम बंगालमध्ये अनुदानित मदरशांतले शिक्षक आयोगामार्फत निवडायचा कायदा २००८ मध्ये झाला. तो २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. सारांश काय, तर कलम ३० चे कुंपण पक्के आहे, पण त्या कुंपणाच्या आत कायदा शिरतच नाही असे नाही.

टीईटीचा नवा पेच

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने यात भर पडली. हे प्रकरण महाराष्ट्रातलेच, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी आहे त्यांनी दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची. ज्यांना पाच वर्षांहून कमी उरली, त्यांना नोकरीत राहता येईल, पण बढती हवी असेल तर टीईटी लागेल.

अल्पसंख्याक शाळांचे काय? शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असे २०१४ च्या प्रमती ट्रस्टच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी ठरवले होते. ते बरोबर होते का, हा प्रश्न २०२५ च्या निकालाने मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी पुढे ठेवला. तेव्हा अल्पसंख्याक शाळेतल्या तरुण शिक्षकांना माझे सांगणे एवढेच, निकालाची वाट बघत बसू नका. आभाळ बघून पेरणी लांबवणारा मागे राहतो. टीईटी पास करून ठेवली तर नुकसान काहीच नाही.

डावलले गेले तर काय करायचे

दोन दारे आहेत आणि दोन्हींची कामे वेगळी.

यादीतला क्रमच चुकला असेल तर आधी संस्थेकडे लेखी हरकत, तिची पोच घ्यायची, आणि मग शिक्षणाधिकारी.

यादी बरोबर आहे, पण बढती देताना तुम्हाला डावलून मागच्या माणसाला पुढे नेले असेल, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. हा हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती यांसाठीही हेच दार. मुदत तीस दिवसांची. सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. खूप शिक्षकांचे इथेच चुकते. संस्थेच्या अध्यक्षांना भेटू, आमदारांना भेटू, पाहुण्यांकडून शब्द टाकू, यात तीन महिने जातात. शब्द टाकायला हरकत नाही, पण अपिलाचा कागदही त्याच महिन्यात गेला पाहिजे. विमा कंपनीला नुकसानीची सूचना वेळेत दिली नाही तर पीक डोळ्यांदेखत गेलेले असूनही भरपाई अडते, हे आपल्याला नवीन नाही.

अल्पसंख्याक शाळेतल्या शिक्षकाने अपिलाआधी स्वत:लाच पुढचे प्रश्न विचारावेत :

१) संस्थेला अल्पसंख्याक दर्जा खरोखर आहे का? प्रमाणपत्राची तारीख कोणती आणि जागा रिकामी झाल्याची तारीख कोणती?
२) वाद मुख्याध्यापक पदाचा आहे की उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक पदाचा?
३) दुसऱ्या पदाचा असेल, तर नेमलेल्याचे नाव तीन नावांत कळवलेले आहे का?
४) नेमलेल्या माणसाची पदवी, बी.एड. आणि अनुभव नियमात बसतो का?
५) आपली सही असलेली ज्येष्ठता यादी आपल्याजवळ आहे का?

दर्जा पक्का, पद मुख्याध्यापकाचे आणि नेमलेला माणूस पात्र, असे असेल तर केवळ "मी ज्येष्ठ" या एका मुद्द्यावर लढून वकिलाची फी वाया जाण्याची शक्यता जास्त. हे कडू आहे, पण आधी कळलेले बरे. यातला एक जरी धागा कच्चा असेल, तर मात्र गप्प बसू नये.

संस्थाचालकांना आणि गावाला दोन शब्द

विश्वस्त मंडळींनाही सांगावेसे वाटते. हक्क आहे म्हणून तो दरवेळी वापरलाच पाहिजे असे नाही. वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या माणसाला बाजूला सारायचे असेल तर निदान बसवून कारण सांगा, ठरावात लिहा. न सांगता केलेली निवड, चांगली असली तरी, वशिल्याची वाटते. मग स्टाफरूमचे दोन तट पडतात. मान्यतेचा प्रस्ताव तक्रारीत अडकतो, सहीचा अधिकार कुणाचा हे ठरत नाही, पगारबिले लटकतात आणि प्रभारी मुख्याध्यापकावर वर्षे निघतात. दहावीच्या वर्गातल्या पोरांचा यात काय दोष?

सरपंच, पोलीस पाटील यांनीही ओळखून असावे. खाजगी शाळेचा हेडमास्तर निवडण्यात ग्रामपंचायतीला काही अधिकार नाही. शाळेला टाळे ठोकणे, मोर्चा नेणे, जातीधर्मावर बोट ठेवणे यातून बढती मिळत नाही, फक्त गाव फाटते. हा नोकरीच्या कागदाचा वाद आहे, तो कागदावरच सोडवू द्यावा. फार तर दोघांना समोरासमोर बसवून ज्येष्ठता यादी मागवावी आणि मोठ्याने वाचून घ्यावी. अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

ज्यांच्या घरात कुणी शिक्षक आहे त्यांनी या आठवड्यात एक काम जरूर करावे. सेवापुस्तकाची नक्कल, नेमणुकीचा आदेश, मान्यतेचे पत्र, पदव्यांची प्रमाणपत्रे आणि शेवटची ज्येष्ठता यादी हे पाच कागद एका पिशवीत घालून सातबाऱ्याच्या शेजारी ठेवावेत. यादी मिळालेली नसेल तर संस्थेकडे लेखी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी.